साहेबांचं जपानी पाखरू

साहेबांचं पाखरू खात नाही, असा फोन आला तेव्हा मी काळ्या रानात गुडघे टेकून एका मेंढीच्या जबड्यात सोड्याचं पाणी ओतत होते.

मी सरकारी जनावरांची डॉक्टर. नांदूरघाटाच्या बाजूला एका गावात माझा दवाखाना होता आणि त्या भागातलं ते माझं तिसरं वर्ष. मार्च महिना, सकाळचे नऊ-साडेनऊ. ज्वारीची काढणी उरकत आली होती. त्या रानात एका धनगर जोडप्याची मेंढरं लेंडीखतासाठी बसवली होती. आदल्या दिवशी शेतमालकानं कणसांचा ढीग ताडपत्री न घालता तसाच टाकला, आणि पहाटे मेंढरांनी भोवतीची जाळी रेटून ढिगावर ताव मारला. माणसाला वाटतं, धान्यच तर खाल्लं, त्यात काय. मेंढीच्या पोटात एवढी ज्वारी गेली की ती आंबते, पोट ढोलासारखं फुगतं, जनावर दात खात आडवं होतं आणि दुपारपर्यंत संपतं. मी पोचले तेव्हा अकरा मेंढरं आडवी होती.

नवरा पुढच्या मुक्कामाचं रान बघायला गेला होता. मागे बायको एकटी. पन्नाशीची असेल, वाळलेल्या अंगाची. मी तिला मावशी म्हणत असे. ती मेंढीची मान धरायची, मी बाटलीनं सोडा पाजायची, मग मानेच्या शिरेतून सलाईन. चार मेंढ्या झाल्या होत्या. सात बाकी होत्या.

फोनवर साहेबांचा कार्यकर्ता होता. "मॅडम, लगेच बंगल्यावर या. साहेबांचं पाखरू दोन दिवसांपासून खाईना."

"मी इमर्जन्सीत आहे," मी म्हणाले. "मेंढरं मरतायत."

"मेंढरं काय मॅडम, लई हायेत. पाखरू एकच हाय."

मी फोन ठेवला. पाचव्या मेंढीची शीर सापडेपर्यंत पुन्हा वाजला. या वेळी माझे वरिष्ठ. त्यांचा आवाज असा, जणू कुणी त्यांच्या मानेवर हात ठेवून त्यांना बोलायला लावतंय. "अहो, जाऊन या ना. अर्ध्या तासाचं काम. ते मोठे लोक. उगाच कशाला..." त्यांचं कुठलंही वाक्य 'उगाच कशाला'च्या पुढे कधी गेलं नाही.

साहेब कोण, ते सांगायला हवं. ते कधीही कशावरही निवडून आले नव्हते. तीन निवडणुका, तीन वेगवेगळे झेंडे, तिन्ही वेळा पडले. पण गावोगावच्या चौकात त्यांचे फलक लागलेले असायचे आणि प्रत्येक फलकावर नावाआधी 'भावी' असायचं. दीडशे एकर जमीन वाडवडिलांकडून आली होती. ती कमावण्यात त्यांचा हात नव्हता, पण छाती मात्र अशी काढून चालायचे, जणू स्वतःच खणून काढलीय. त्यांच्याभोवती दहा-बारा माणसं कायम. त्यांचं काम एवढंच, की साहेब हसले की हसायचं आणि साहेबांनी ग्लास पुढे केला की पाणी ओतायचं.

वीस मिनिटांत त्यांची पांढरी गाडी धुरळा उडवत रानाच्या कडेला आली. कार्यकर्ता खाली उतरला नाही. काच खाली करून हात हलवला.

मावशी मेंढीची मान धरून बसली होती. "बाई, कावून उठल्या?"

का उठले ते मी सांगितलं. पाखरू म्हणायला मला लाज वाटली, म्हणून 'एक केस' म्हणाले. ती गाडीकडे बघत राहिली. मी सोड्याच्या पुड्या तिच्याजवळ दिल्या, किती पाण्यात किती घालायचा ते दाखवलं, पाजून झालं की उभं करून चालवायचं, पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं. "दोन तासांत येते," म्हणाले.

"या," ती म्हणाली. "म्या हाय हितं."

मी गेले. नसते गेले तरी नोकरी गेली नसती, फार तर नोटीस आली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी गेले. त्या दिवसातल्या इतरांबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे, त्याआधी हे एक लिहून ठेवलेलं बरं.

बंगल्यात पाखरासाठी वेगळी खोली होती. तिला एसी. बाहेर अंगणात धुणंभांडी करणारी बाई उन्हात बसून घासत होती आणि आत हिरव्या पडद्यांच्या थंड खोलीत पितळी पिंजरा टांगला होता. खोलीत उदबत्त्यांचा असा धूर, की माझेच डोळे चुरचुरले. साहेब सोफ्यावर बसले होते. पायात मोजे, हातात मोबाइल. भोवती सहा-सात जण उभे.

"जपानी बुलबुल," साहेब म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्यात न्हाई कुणाकडं."

मी पिंजऱ्याजवळ गेले. आत चिमणीएवढं पाखरू, पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेलं. एवढ्या वाईट अवस्थेतही त्याचे रंग बघून मी क्षणभर थांबले. पाठ शेवाळासारखी हिरवट, गळा हळदीचा, छातीवर नारिंगी झाक, चोच लालभडक, मिटलेल्या पंखाच्या कडेला पिवळी आणि तांबडी रेघ. डोळ्याभोवती फिकट कडं, त्यामुळे ते सतत काहीतरी विचारतंय असं वाटायचं. साहेब उत्तरेत फिरायला गेले होते, तिथे डोंगरातल्या एका बाजारात कुणीतरी कापडाखाली झाकून विकत होता. त्याच्याकडून दोन महिन्यांपूर्वी जोडी आणली होती. मादी आल्यावर पंधरा दिवसांत मेली. नर राहिला, आणि मादी मेल्यावर म्हणे फार सुंदर गायला लागला.

"पहाटं असा गातो मॅडम, पाहुणे ऐकायला येतेत," कार्यकर्ता म्हणाला. "पण दोन हप्त्यांपासून बंद."

मी विचारलं, काय खायला देता? भिजवलेली हरभरा डाळ, साखर, बदाम आणि हिरवी मिरची. मिरची कशाला? तर पोपट मिरची खातो. एकानं सांगितलं, त्यानं यूट्यूबवरून पक्ष्यांची गाणी लावून ऐकवली, की याला आठवावं. दुसरा म्हणाला, ब्रँडीचे दोन थेंब पाजावेत. त्याच्या मामानं कोंबड्याला पाजले होते. सगळे गंभीरपणे बोलत होते. स्वतःच्या गोठ्यात गाय अडली तर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मला बोलवणारी ही माणसं.

मी पिंजऱ्यात हात घातला आणि पाखरू धरलं. ज्या हातानं मी म्हशीच्या पोटातलं आडवं आलेलं वासरू सरळ करते, त्या हातात ते आलं आणि काही आल्यासारखं वाटलंच नाही. फक्त छातीची धडधड बोटाला लागत होती. छातीचं हाड वर आलेलं, नखं वाढून वाकडी झालेली, मागची पिसं चिकटलेली.

"इंजेक्शन द्या," साहेब म्हणाले.

आमच्याकडे कुणालाही काहीही झालं तरी हेच वाक्य.

"सुई याच्या मांडीपेक्षा जाड आहे," मी म्हणाले. "हा उपाशी आहे. चोच बघा, हा दाणे खाणारा नाही, किडे आणि फळं खाणारा आहे. आणि साहेब, हा रानातला पक्षी आहे, पाळता येत नाही. गुन्हा आहे."

मग साहेब हसले आणि त्यांच्यामागून सगळे हसले.

"मॅडम, कायदा आमच्याकडं चहाला येत असतो. तुमी औषधाचं बघा."

मी उदबत्त्या विझवायला लावल्या. एसी बंद करून खिडकी उघडायला, तिला ओलं कापड लावायला सांगितलं. उकडलेलं अंडं, पिकली पपई आणि वाळवी मागवली. साहेबांच्या दोन माणसांना कुंपणाच्या कुजक्या खांबाशी वाळवी वेचायला बसवलं. ते उन्हात ओणवे बसलेले पाहून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नखं कापली. एका ताटलीत बोटभर पाणी ठेवलं. दहा मिनिटं काही झालं नाही. मग पाखरू खाली उतरलं, पाण्यात चोच बुडवली आणि एकदम अंग घुसळून अंघोळ करायला लागलं. पाणी साहेबांच्या मोज्यांवर उडालं. "वा!" साहेब म्हणाले, आणि सगळे वा वा करायला लागले. दोन महिन्यांत त्याला अंघोळीचं पाणी द्यावं हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मला निघायचं होतं. पण चहा आला, चिवडा आला, मग फोटो. माझ्या हातात पिंजरा द्या, नको, साहेबांच्या हातात द्या, मॅडम तुम्ही इकडून बघा. साहेब आत जाऊन शर्ट बदलून आले. मी उभी राहिले. त्या फोटोत मी हसतेय. तो फोटो मी नंतर कार्यकर्त्याच्या स्टेटसला पाहिला. खाली लिहिलं होतं, 'मुक्या जीवांचे कैवारी'.

गाडीनं मला परत सोडेपर्यंत सव्वा वाजला होता. अर्ध्या तासाच्या कामाला साडेतीन तास लागले.

मावशी उन्हात एका मेंढीला ओढत चालवत होती. तिच्या लुगड्याचा पदर सोड्याच्या पाण्यानं पांढरा झाला होता. बाभळीखाली चार मेंढ्या ओळीनं ठेवल्या होत्या, पाय ताठ. माझ्या सलाईनच्या बाटल्या तशाच होत्या. सलाईन लावणं तिला येणार नव्हतं. त्या चारपैकी तीन तरी सलाईननं उठल्या असत्या. हे अंदाजानं म्हणत नाही, सकाळी ज्यांना लावलं होतं त्या सगळ्या उभ्या होत्या.

ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिनं मेंढीची दोरी सोडली, कपाळ पुसलं.

"कुनाचं काय व्हतं मग?" तिनं विचारलं.

"पाखरू," मी म्हणाले.

"कसलं पाखरू?"

"पिंजऱ्यातलं. साहेबांचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. बाजारात एखादा बैल तोंड उघडून बघावा आणि दात बघून काही न बोलता पुढे जावं, तसं. मग ती राहिलेल्या मेंढ्यांकडे वळली.

त्यानंतर साहेबांकडे मी जाणार नव्हते. पण आठ-दहा दिवसांनी त्यांचा वाढदिवस आला.

मांडव बंगल्यासमोर, सकाळी अकराचा कार्यक्रम. पाखरू अंडं-पपई खाऊन सावरलं होतं आणि पुन्हा बोलायला लागलं होतं, म्हणून साहेबांनी ठरवलं की मोठ्या पाहुण्यांसमोर ते गाणार. पिंजरा स्टेजवर ठेवला. शेजारी माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसल्याबरोबर फटाक्यांची माळ लावली. मला फोन आला तेव्हा मागचा गोंगाट एवढा होता, की कार्यकर्ता ओरडून सांगत होता: "पडलं मॅडम! पाखरू उलटं पडलं!"

या वेळी माझ्या हातात दुसरी केस नव्हती. मी माझ्या स्कूटीवर गेले.

पाखरू पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडलं होतं. चोच उघडी, श्वास भात्यासारखा. उन्हानं आणि भीतीनं, दुसरं काही नाही. सावली, गारवा आणि शांतता मिळाली तर जगण्यासारखं होतं. या तीनही गोष्टी त्या घरात त्याला कधी मिळणार नव्हत्या. भोवती साहेब, पाहुणे, पाच-पन्नास फेटे. कुणी म्हणालं पाणी शिंपडा, कुणी म्हणालं कांदा हुंगवा.

मी उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "याला हात कुणी कुणी लावला?"

तीन-चार हात अभिमानानं वर आले.

"हात साबणानं धुवा. आत्ता. आणि तोंडाला लावू नका."

"कावून मॅडम?" कार्यकर्त्यानं विचारलं. सकाळीच त्यानं पाखराच्या चोचीत जिलेबी भरवली होती.

"काही रोग पक्ष्यांकडून माणसाला लागतात. तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

वाक्य खरं होतं. ते मी ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज खोटा होता.

"बर्ड फ्लू?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. पिंजऱ्याकडे बघत राहिले आणि तोंडाला ओढणी बांधली.

त्या ओढणीनं जे काम केलं, ते कुठल्या कायद्यानं केलं नसतं. स्टेज रिकामं व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "सरक बे, मागं सरक!" असं म्हणत एकमेकांना ढकलत मंडळी मांडवाच्या टोकाला गेली. निवडणुकीत 'साहेबांसाठी जीव देऊ' अशा घोषणा देणारे हेच गळे. कार्यकर्ता जिलेबीचा हात अंगापासून लांब धरून नळाकडे पळाला. आणि साहेब, अंगावरच्या सत्काराच्या शालीला हात पुसत मागे मागे सरकत, मला म्हणाले, "न्या, मॅडम. आधी हे घेऊन जा हितून. परत नका आणू."

मी ती शालही मागितली, पिंजरा झाकायला. त्यांनी लांबून फेकली.

माझ्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, कूलर लांब ठेवला, पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. पाखरू पहिला दिवस कपाटावरून हललं नाही. मी पुस्तकात शोधलं. ते ना जपानी होतं ना बुलबुल. हिमालयाच्या उंच ओल्या रानात, दाट झुडपांत थव्यानं राहणारं ते पाखरू. मराठीत त्याला नाव सापडलं नाही, कारण आमच्याकडे ते कधी येतच नाही. थव्यातले एकमेकांना सारख्या हाका मारत असतात, असंही लिहिलं होतं. म्हणजे मादी मेल्यावर हा जे 'फार सुंदर' गायला लागला आणि पाहुणे जे चहा पीत ऐकायचे, ते काय असेल, हे ओळखायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

इथे सोडून देता आलं नसतं. माझ्या खिडकीतून बाभळी, पाण्याची टाकी आणि उन्हानं भाजलेला माळ दिसायचा. दुपारपर्यंतही टिकलं नसतं. मी वनखात्याच्या ओळखीच्या वनरक्षकाला फोन केला. भला माणूस होता. तो म्हणाला, वरून गाडीची व्यवस्था झाली की आठवड्याभरात नेतो, तोवर सांभाळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते आणि आतून आवाज आला. मला गाण्यातलं कळत नाही. एवढंच सांगते, की तो आवाज त्याच्या आकाराच्या मानानं फार भरीव होता, खाली उतरायचा, वळायचा, पुन्हा वर चढायचा, आणि मग थांबून तो ऐकत राहायचा. मी तोंडातला फेस तसाच ठेवून मोरीत उभी राहिले. मोबाइलवर रेकॉर्ड करावं असं मनात आलं आणि केलं नाही.

शनिवारी आमच्या गावचा बाजार. सकाळी दवाखाना उघडला तर दोघं जण ओट्यावर बसलेले. "मॅडम, बर्ड फ्लू आलाय म्हणं. कोंबड्या मारून टाकायच्या का?"

मी विचारलं, कुणी सांगितलं? त्यांनी मोबाइल दाखवला. कार्यकर्त्यानं सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं: साहेबांनी स्वतःच्या लाडक्या पक्ष्याचा त्याग करून गावावरचं संकट टाळलं, नागरिकांनी कोंबड्या व अंडी खाऊ नयेत. खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो. भ्यालेला माणूस आठवड्याच्या आत शूर कसा होतो, ते शिकायचं तर तो मजकूर वाचावा.

त्या दोघांना मी सांगितलं, काही नाही, रोग नाही. ते उठून गेले आणि मला बाजार आठवला. मावशी मेंढरांसोबत कोंबड्याही पाळायची आणि दर शनिवारी त्या घेऊन बाजारात बसायची.

मी लगेच बाजारात गेले नाही. हे सगळ्यात अवघड लिहायचं आहे. बाजारात उभं राहून 'रोग नाही' म्हटलं की तासाभरात साहेबांना कळणार आणि गाडी पाखरू न्यायला येणार. म्हणून मी आधी घरी गेले, पाखराला पिंजऱ्यात घेतलं, वर ओलं फडकं टाकलं आणि स्कूटीवर पायांमध्ये पिंजरा ठेवून चाळीस किलोमीटरवरच्या वनखात्याच्या कार्यालयाकडे निघाले. तिथे अधिकारी जेवायला गेलेले. बसले. मग पंचनामा. पक्ष्याचं नाव काय लिहायचं यावर चर्चा झाली आणि शेवटी 'रंगीत लहान पक्षी, एक' असं लिहिलं. कुठे सापडला? मी म्हणाले, आजारी अवस्थेत आणून दिला. कुणी? मी म्हणाले, नाव नंतर सांगते, लागलंच तर. पावती घेऊन बाजारात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते.

भाजीवाल्यांच्या ओळीतून मावशीला उठवलं होतं. ती पार टोकाला, नालीच्या कडेला बसली होती. समोर डालगं, त्यात आठ-नऊ कोंबड्या उन्हानं चोची उघडून बसलेल्या. दोन कडेला मरून पडलेल्या. रोगानं नाही, तहानेनं. नळावर तिला कुणी पाणी घेऊ दिलं नव्हतं.

मी बाजाराच्या मधोमध उभी राहून ओरडले की रोग नाही, अफवा आहे, कोंबड्या खा, अंडी खा. माणसं जमली. एक जण म्हणाला, "मॅडम, तुमीच तर तोंड बांधून पाखरू नेलंत." मी डालग्यातली एक कोंबडी घेतली, बगलेत मारली आणि अख्ख्या बाजारातून तिला कुरवाळत फिरले, तिच्या डोक्याला गाल लावला. लोक हसले. हसावं असंच ते होतं. त्या हसण्यावर दोन कोंबड्या खपल्या. बाकीच्या राहिल्या.

बाजार उठायला लागला तेव्हा मी मावशीशेजारी उकिडवी बसले आणि तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी रोग नव्हताच?" ती म्हणाली.

"नव्हता."

"मग खोटं कावून बोलल्या?"

"त्यांनी पाखरू सोडलं नसतं, मावशी. मेलं असतं ते तिथं."

ती मेलेल्या दोन कोंबड्यांचे पाय सुतळीनं बांधत होती. गाठ मारून झाली.

"परत पाखरूच," ती म्हणाली.

मी म्हणाले, चुकले. ती म्हणाली, "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला एक मोठं दिसतंय नाहीतर एक सुंदर दिसतंय. मधलं न्हाई दिसत." हे तिनं रागानं नाही, मेंढराचं वय सांगावं तसं सांगितलं. डालगं डोक्यावर घेतलं आणि गेली.

सोमवारी साहेब स्वतः दवाखान्यात आले. या दवाखान्यात ते आयुष्यात पहिल्यांदा येत होते. शेणातून बूट उचलत उचलत टेबलापर्यंत आले. मागे तिघं.

"रोग नव्हता म्हणं. मग आमचं पाखरू?"

"वनखात्यात जमा केलं," मी म्हणाले आणि पावती टेबलावर ठेवली. "कुणाकडचं, ती जागा मी रिकामी ठेवलीय. ते विचारतायत. तुमचं असेल तर नाव लिहून देते. मालक म्हणून."

साहेबांनी पावती वाचली. कपाळावर घाम आला. मी मनात म्हणत होते, एकदा तरी म्हण, हो माझं आहे. एकदा तरी एखाद्या गोष्टीला स्वतःचं नाव लाव, जी फलक नाही.

"छे छे," साहेब म्हणाले. "आमचं कसलं? ते कुणीतरी आणून सोडल्यालं व्हतं अंगणात. काय रे?"

"व्हय साहेब," मागचे तिघं म्हणाले.

जून महिन्यात माझी बदली गेवराईकडे झाली. ऑर्डर देताना वरिष्ठांनी नजर वर केली नाही. "उगाच कशाला..." एवढंच म्हणाले. साहेबांनी दिवाळीत निळ्या-पिवळ्या मोठ्या परदेशी पोपटांची जोडी आणल्याचं ऐकलं. त्यांची म्हणे कागदपत्रं आहेत. वनरक्षकाचा मला मध्यंतरी फोन आला होता. पाखरू थंड हवेच्या एका गावातल्या पक्ष्यांच्या केंद्रात पोचलं होतं. तिथे मोठा जाळीचा पिंजरा, झाडं, आणि त्याच्याच जातीचे अजून पाच-सहा पकडलेले. परत डोंगरात सोडतील का ते सांगता येत नाही, म्हणाला. जिवंत आहे. खातंय.

बदलीवर जाण्याआधी लसीकरणाची शेवटची फेरी होती. मावशीचा मुक्काम तेव्हा मांजरा नदीच्या बाजूला होता. मी लशींची पेटी घेऊन सकाळीच पोचले. नवरा दूध घालायला गेला होता. एकेक मेंढी मावशी कानाला धरून पुढे करायची, मी टोचायची. नव्वदच्या वर मेंढरं. दोन तास लागले. आम्ही कामापुरतं बोललो: ही गाभण हाय, ही लंगडती, ह्याला काल जुलाब झाले.

धनगराच्या मुक्कामावर गेलं आणि चहा मिळाला नाही, असं माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. दगडांची चूल पेटलेली होती, वर चहाचं भांडंही होतं. शेवटची मेंढी सोडल्यावर मी हात धुतले, पेटी बांधली, जरा रेंगाळले.

"झालं?" मावशी म्हणाली.

"झालं."

"मग निघा, बाई. ऊन व्हतंय."

तिनं भांडं उतरवलं, स्वतःपुरता चहा ओतून घेतला आणि मेंढरांकडे तोंड करून बसली. मी पेटी स्कूटीला बांधून निघाले.